गीझरची टाकी आतून गंजू नये म्हणून: नागपूरच्या पाण्यासाठी देखभालीची सविस्तर रीत

आमच्या मनीषनगरच्या घरातील 25 लिटरचा गीझर पाचव्याच हिवाळ्यात गळू लागला. पाणी नळाच्या जोडातून येत नव्हते आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधूनही येत नव्हते. ते बाहेरच्या पत्र्याच्या तळाशी पाझरत होते आणि त्यात तांबूस गंज मिसळलेला होता. मिस्त्रींनी तळाचे झाकण उघडून हीटिंग एलिमेंट बाहेर काढले, तेव्हा त्याच्या शेजारी नुसती एक बारीक लोखंडी तार लोंबत होती. "इथं बोटाएवढी सळई होती. दोन वर्षांआधीच बदलायला पाहिजे होती," असे ते म्हणाले. अशी काही सळई गीझरमध्ये असते, हे आम्हाला तोवर कोणी सांगितलेले नव्हते. एलिमेंट, थर्मोस्टॅट, गॅस्केट हे सगळे भाग बदलता येतात. टाकी मात्र बदलता येत नाही, आणि टाकीचे आयुष्य त्या सळईवर अवलंबून असते. म्हणून ही सळई, पाण्यातील क्षार आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांची वर्षातून एकदा तपासणी कशी करावी, हे येथे क्रमाने मांडले आहे.

टाकी गंजते कशी

आजी-आजोबांच्या काळातील पाणी तापवण्याचा बंब तांब्याचा असे. तांबे पाण्यात फार सावकाश झिजते, त्यामुळे चिंच लावून घासलेला बंब दोन पिढ्या सहज टिकत असे. आजच्या बहुतेक साठवणीच्या गीझरची आतील टाकी पोलादी पत्र्याची असते आणि तिच्या आतल्या बाजूस काचेसारखा लेप उच्च तापमानाला भाजून बसवलेला असतो. हा लेप उत्तम काम करतो, पण वेल्डिंगच्या सांध्यांवर, नळ्या जोडण्याच्या तोंडांपाशी आणि कडांवर त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतातच. तेवढ्या जागी पोलाद थेट गरम पाण्याला भिडते, आणि सगळी झीज त्या सुईच्या टोकाएवढ्या जागेत एकवटल्यामुळे पत्र्याला आरपार भोक पडते.

हे टाळण्यासाठी टाकीत मॅग्नेशियमची सळई सोडलेली असते. दुकानदार आणि मिस्त्री तिला ॲनोड रॉड किंवा नुसते ॲनोड म्हणतात. दोन वेगवेगळे धातू पाण्यात असून एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडलेले असले, की त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. मॅग्नेशियमचे प्रमाणित विभव (हा आकडा जितका अधिक उणे, तितका धातू क्रियाशील) उणे 2.37 व्होल्ट आहे आणि लोखंडाचे उणे 0.44 व्होल्ट. या मोठ्या फरकामुळे मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन पुरवत राहते आणि लेपाच्या छिद्रातील उघडे पोलाद गंजत नाही. सळई संपली, की दुसऱ्याच दिवसापासून पोलादाची पाळी सुरू होते.

ही युक्ती मुळात जहाजांवरची आहे. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला मारलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत होते, तेव्हा 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी त्या पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचवला. झीज थांबली, पण झिजणाऱ्या तांब्याच्या क्षारांमुळे तोवर दूर राहिलेले शंख-शिंपले आणि शेवाळ जहाजाच्या तळाला चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. आजही नौकांच्या तळाला असे ठोकळे लावतात: खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. गीझरमध्ये जस्त चालत नाही, कारण सुमारे 60 अंशांच्या पुढे काही प्रकारच्या पाण्यात जस्त आणि लोखंड यांचे नाते उलटे होते आणि रक्षण करायचे ते जस्तच लोखंडाला झिजवू लागते.

आधी पाणी ओळखा

नागपूरला महापालिकेचे पाणी प्रामुख्याने पेंच प्रकल्पाच्या जलाशयांतून आणि कन्हान नदीतून येते. बोअरचे पाणी मात्र ज्या खडकातून येते त्या खडकाचे गुण घेऊन येते. शहराच्या पश्चिम भागात काळा बेसाल्ट आहे आणि पूर्वेकडे वेगळे, अधिक जुने खडक आहेत, त्यामुळे दोन वस्त्यांच्या बोअरच्या पाण्यात बरेच अंतर पडू शकते. बऱ्याच इमारतींत नळाचे आणि बोअरचे पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत एकत्र होते, हेही लक्षात घ्यावे.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10500 या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे; एकूण विरघळलेल्या घनपदार्थांसाठी, म्हणजे टीडीएससाठी, हेच आकडे 500 आणि 2000 आहेत. आरओवाले पेनासारखे मीटर बुडवून दाखवतात ते टीडीएस मोजते, कठीणपणा नव्हे. कठीणपणा मोजण्याचे थेंबांचे किट वेगळे मिळते. ते नसेल तर साबणाला फेस येतो का, बादलीच्या काठावर आणि नळाच्या जाळीवर पांढरे कण जमतात का, एवढे पाहिले तरी अंदाज येतो. दोन्ही गोष्टी का पाहायच्या, तर कठीणपणामुळे एलिमेंटवर थर चढतो आणि टीडीएस जास्त असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्यामुळे सळई लवकर संपते.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. घरात सॉफ्टनर बसवला म्हणजे गीझर कायमचा सुरक्षित झाला, असे अनेक जण मानतात. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो, पण त्यांच्या जागी सोडियम सोडतो. क्षारांचा थर चढणे थांबते हे खरे, परंतु पाण्याची वीजवाहकता तशीच राहते आणि उघड्या पोलादावर बसणारा पातळ चुनखडीचा थरही मिळेनासा होतो. म्हणून सॉफ्टनरच्या घरात सळई कमी वेळा नव्हे, तर अधिक वेळा तपासावी लागते.

केव्हा आणि कोणी उघडावे

कोजागिरी ते दिवाळी हा काळ या कामाला सर्वांत योग्य आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो तेव्हा गीझर बंद ठेवणे घरात कोणालाच परवडत नाही आणि मिस्त्रीही हाती लागत नाहीत. बोअरचे किंवा मिश्र पाणी असेल तर दरवर्षी, केवळ नळाचे पाणी असेल तर दोन वर्षांनी उघडावे. पण नवा गीझर कोणत्याही पाण्यावर असो, पहिल्या वर्षअखेरीस एकदा उघडून सळई किती झिजली ते पाहावे, कारण पुढचे वेळापत्रक त्यावरूनच ठरते.

गीझर वॉरंटीत असेल तर तो स्वतः उघडू नये. कंपनीचा तंत्रज्ञ बोलवावा, मात्र सळई बाहेर काढून दाखवा, असे त्याला आग्रहाने सांगावे. वॉरंटी संपल्यावरही विजेच्या जोडण्यांचा सराव नसेल तर माहीतगार मिस्त्रीकडून करून घ्यावे आणि आपण शेजारी उभे राहून पुढील क्रम पाळला जातो की नाही ते पाहावे.

स्टेनलेस स्टीलच्या टाकीच्या अनेक गीझरमध्येही सळई असते. लहान इन्स्टंट गीझरमध्ये ती बहुधा नसते, तेथे फक्त क्षार आणि व्हॉल्व्ह यांचे काम उरते.

रिकामा करणे

आधी गीझरचा एमसीबी, म्हणजे वीजपेटीतील त्याचा खटका, खाली करावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण वायरिंग उलटे झालेले असेल तर बटण बंद असूनही फेज आतपर्यंत पोहोचलेला असतो. प्लग असेल तर तो काढावा आणि झाकण उघडल्यावर टेस्टरने पुन्हा तपासावे. आदल्या रात्री गीझर बंद ठेवून सकाळी काम हाती घेतले तर पाणी निवलेले असते आणि भाजण्याचा धोका राहत नाही.

त्यानंतर थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडावा. थोडे पाणी येईल आणि थांबेल. यावरून टाकी रिकामी झाली असे समजू नये. उभ्या गीझरमध्ये गरम पाण्याची नळी आत वरच्या टोकापर्यंत गेलेली असते, त्यामुळे त्या नळातून दाब उतरतो, पाणी नाही. सगळे पाणी तळाच्या थंड पाण्याच्या तोंडातूनच निघते, आणि त्या तोंडावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, ज्यात पाणी मागे न जाऊ देणारा पडदा बसवलेला असतो. म्हणून व्हॉल्व्हची दांडी उचलून धरावी किंवा खाली दोन बादल्या ठेवून व्हॉल्व्हच काढावा. गरम पाण्याचा नळ या वेळी उघडाच असू द्यावा, म्हणजे टाकीत हवा शिरते आणि पाणी न अडखळता वाहते.

आता तळाचे झाकण काढावे आणि कोणत्याही तारेला हात लावण्याआधी मोबाइलवर दोन-तीन स्पष्ट फोटो घ्यावेत. थर्मोस्टॅटची दांडी अलगद खाली ओढून घ्यावी, तारा सोडवाव्यात आणि फ्लँजचे, म्हणजे टाकीचे तळाचे तोंड बंद करणाऱ्या धातूच्या चकतीचे, नट समोरासमोरचे एकेक करून सैल करावेत. शेवटचा नट काढताना फ्लँजला हाताचा आधार द्यावा, कारण तळाशी उरलेले पाणी आणि चुनखडीचा गाळ एकदम खाली येतो. एलिमेंट आणि सळई दोन्ही सहसा याच फ्लँजवर बसवलेले असतात.

सळई पाहणे आणि नवी निवडणे

बाहेर आलेली सळई पांढऱ्या थराने माखलेली असते आणि त्यामुळे जाड भासते. थर घासून काढल्याशिवाय निर्णय घेऊ नये. आतला धातू खडबडीत, खड्डे पडलेला दिसला तर ते चांगले लक्षण आहे, सळईने आपले काम केलेले आहे. मूळ जाडीच्या निम्म्याहून कमी उरली असेल, किंवा कुठेही मधली लोखंडी तार उघडी पडली असेल, तर बदलावी. वर्षभरानंतरही सळई अगदी नव्यासारखी गुळगुळीत असेल तर मात्र शंका घ्यावी, कारण बहुधा तिचा फ्लँजशी धातूला धातू लागून संपर्कच झालेला नसतो.

नवी सळई आणताना जुनी सोबत न्यावी आणि लांबी व आटे जुळवून घ्यावेत. सीताबर्डी-इतवारी भागात गीझरच्या सुट्या भागांच्या दुकानांत ती मिळते. सळई मॅग्नेशियमची आहे की ॲल्युमिनियमची हे डोळ्यांनी कळत नाही आणि चुंबकही उपयोगी पडत नाही. वजन मात्र खोटे बोलत नाही. 20 मिलिमीटर जाडीची आणि 20 सेंटिमीटर लांबीची सळई मॅग्नेशियमची असेल तर सुमारे 110 ग्रॅम भरते, ॲल्युमिनियमची असेल तर सुमारे 170 ग्रॅम. किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे एका मिनिटात कळते. कंपनीने मॅग्नेशियमची दिली असेल तर तीच घ्यावी.

बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये आणि रंग किंवा ग्रीस लावू नये. गळती थांबवण्याच्या सवयीने अनेक जण टेप लावतात, पण सळईचे सारे काम तिच्या फ्लँजशी असलेल्या विद्युत संपर्कावर चालते. बसण्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करून सळई घट्ट फिरवावी.

क्षार काढणे

कठीण पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्याचे अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट होते आणि ते सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे एलिमेंटवर, बसते. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, एलिमेंट आतल्या आत अधिकाधिक तापते आणि शेवटी त्याचे वेष्टण तडकते. शॉक लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

हा थर स्क्रूड्रायव्हरने किंवा हातोडीने फोडू नये. लिटरभर कोमट पाण्यात सुमारे 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, विरघळवावे आणि एलिमेंटचा तापणारा भाग त्यात दोन तास बुडवून ठेवावा. विजेच्या जोडणीची टोके कोरडी राहिली पाहिजेत. बुडबुडे येत राहतात, ते थांबले की नरम ब्रशने घासून स्वच्छ धुवावे. थर फारच जाड असेल तर नवे द्रावण करून पुन्हा बुडवावे. संडास साफ करण्याचे ॲसिड वापरण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ते झटपट काम करते. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. चुनखडीबरोबर ते धातूही खाते, आणि स्टेनलेस स्टीलच्या टाकीत त्यातील क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडू लागतात. कोणतेही ॲसिड ब्लिचिंग पावडरच्या जवळही नेऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

टाकीच्या तळाचा गाळ हाताने किंवा प्लास्टिकच्या चमच्याने काढावा. तारेचा ब्रश किंवा लोखंडी वस्तू आत घालू नये, काचेच्या लेपाला चरा पडला तर तो भरून काढता येत नाही.

पुन्हा जोडणे

फ्लँजचा रबरी गॅस्केट प्रत्येक वेळी नवाच घालावा. जुना एकदा दबला की पुन्हा तसाच बसत नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत, एकच नट पूर्ण आवळून पुढे जाऊ नये. मग वीज न देता थंड पाण्याचा कॉक उघडावा आणि गरम पाण्याच्या नळातून हवा न अडखळता अखंड धार येईपर्यंत थांबावे. पंधरा मिनिटे कोरड्या कागदाने फ्लँज तपासावा. त्यानंतरच फोटो पाहून तारा आणि थर्मोस्टॅट जोडावेत, अर्थिंगची तार घट्ट बसली याची खात्री करावी, झाकण लावावे आणि वीज सुरू करावी. रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू झाले तर ते काही मिनिटांत जळते. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 ॲम्पिअर घेतो, म्हणून त्याला 16 ॲम्पिअरचा सॉकेट आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) असलाच पाहिजे.

थर्मोस्टॅट 60 अंशांच्या आसपास ठेवावा. त्याहून वर गेल्यास क्षार आणि झीज दोन्ही वाढतात. फार खाली ठेवल्यास कोमट पाण्यात लिजिओनेला जातीचे, न्यूमोनियासारखा आजार करणारे जिवाणू वाढण्याचा धोका असतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करू नका

हा भाग मी सर्वांत कळकळीने लिहितो आहे. गीझर तापत असताना या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येते आणि न्हाणीघर ओले राहते म्हणून त्यावर बूच ठोकलेले मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. 25 लिटरच्या टाकीत हे जास्तीचे पाणी पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास होते. मागे जाण्याचा मार्ग पडद्याने अडवलेला असताना ते पाणी या व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडू शकते. तो मार्ग बंद केला आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट बिघडला, तर टाकी फुटून भिंत कोसळू शकते आणि माणसे मृत्युमुखी पडू शकतात. ओल नको असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला पातळ नळी जोडून ती मोरीत सोडावी. नळीचे टोक उघडे आणि खालच्या दिशेला असावे. दर महिन्याला दांडी एकदा उचलून पाणी सुटते का ते पाहावे, कारण क्षारांनी जाम झालेला व्हॉल्व्ह बूच ठोकल्याइतकाच घातक असतो. गीझर बंद असतानाही धार सुरूच राहिली तर व्हॉल्व्ह खराब झाला आहे किंवा इमारतीच्या पंपाचा दाब जास्त आहे असे समजून दोन्ही तपासून घ्यावे.

नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांत अजून जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या, पाइपलाइन आहेत. त्यांना पितळी जोड थेट लावला की त्या ठिकाणी पाइप लवकर गंजतो. मध्ये सीपीव्हीसी प्लास्टिकच्या पाइपचा छोटा तुकडा दिला तर धातूंचा संपर्क तुटतो.

गीझर बंद असण्याचे आठ महिने

नागपुरात गीझर फार तर चार महिने चालतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की गच्चीवरच्या टाकीतूनच इतके गरम पाणी येते की गीझरकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण बटण बंद असले तरी टाकीत पाणी असते आणि सळईची झीज सुरूच असते. सळई फक्त पाण्याखालच्या भागाचे रक्षण करते, हे ध्यानात घेतले तर अर्धवट रिकामी टाकी सर्वांत वाईट का, ते कळते: वरच्या ओलसर हवेतील पत्र्याला कोणाचेच संरक्षण नसते. एक तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून कोरडी करावी, किंवा पूर्ण भरलेली ठेवून आठवड्यातून एकदा गरम पाण्याचा नळ सोडून पाणी बदलावे. घरात टाकी खरोखर कोरडी होणे अवघड असते, म्हणून मी दुसरा मार्ग पत्करला आहे.

गीझर कित्येक आठवडे न हलता तसाच राहिला असेल तर आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. मॅग्नेशियम झिजताना थोडा हायड्रोजन वायू तयार होतो आणि तो टाकीच्या वरच्या भागात साचू शकतो. म्हणून नोव्हेंबरमध्ये बटण लावण्याआधी खिडकी उघडून गरम पाण्याचा नळ काही मिनिटे वाहू द्यावा आणि तेवढ्या वेळात जवळ काडी पेटवू नये. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो साचलेल्या पाण्यातील जिवाणूंमुळे असतो. टाकी धुवावी, पहिले टाकीभर पाणी 60 अंशांवर तासभर ठेवून सोडून द्यावे आणि त्यानंतरचेच पाणी अंघोळीला घ्यावे.

टाकीच गेली असेल तर

पाणी फ्लँज, व्हॉल्व्ह किंवा जोड यांतून न येता पत्र्याच्या आतून पाझरत असेल, तर काचेच्या लेपाची टाकी दुरुस्त होत नाही. वेल्डिंग केल्यास आजूबाजूचा लेप जळतो आणि बाहेरून लावलेली लांबी (पुट्टी) किंवा एम-सील दाबापुढे टिकत नाही. नवा गीझर घेताना आमच्या मिस्त्रींनी एक गोष्ट बजावून सांगितली आणि ती मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. फ्लॅटमध्ये गीझर फॉल्स सीलिंगच्या वर किंवा माळ्यावर असा बसवतात की त्याच्या खाली वीतभरही जागा राहत नाही. सळई आणि एलिमेंट सरळ खाली निघतात, म्हणून गीझरच्या तळाखाली त्यांच्या लांबीपेक्षा जास्त, निदान दीड फूट, मोकळी जागा सोडूनच भिंतीला भोके पाडावीत, आणि सीलिंग बसवणाऱ्याला तेथे उघडता येणारे झाकण ठेवायला सांगावे. झाकणाच्या आतल्या बाजूस सळई बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवावी.